पडद्यावरचे बाबासाहेब आणि तडवळ्याची वाट

गेल्या वर्षीच्या चौदा एप्रिलची गोष्ट. मिरवणूक संपवून आम्ही मुले वसतिगृहावर परतलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. अंगावर गुलाल, पायांत गोळे आणि घसे बसलेले. अशा अवस्थेत भोजनगृहातील टेबले भिंतीला लावून, खिडकीच्या गजांना पांढरी चादर बांधून आमच्यातल्या दोघा-तिघांनी उसन्या आणलेल्या प्रोजेक्टरवर चित्रपट लावला. मिरवणुकीतला भोंगा आवाजासाठी होताच. निम्मी मुले पहिल्या अर्ध्या तासात झोपली. मी जागा राहिलो. चित्रपट होता डॉ. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’.

प्रस्तुत लेख हा त्या चित्रपटाची समीक्षा नव्हे. समीक्षा करण्याइतके चित्रपट मी पाहिलेलेही नाहीत. आमच्या गावात टॉकीज कधीच नव्हती आणि धाराशिवला शिकायला आल्यावर तिकिटाला पैसे घालावेत असे कधी वाटले नाही. परंतु हा एक चित्रपट मी वर्षभरात चार वेळा पाहिला, आणि चारही वेळा निरनिराळ्या माणसांबरोबर. प्रत्येक वेळी तो वेगळा दिसला. तो का वेगळा दिसला एवढेच येथे मांडावयाचे आहे.

प्रथम थोडी माहिती. हा चित्रपट मूळ इंग्रजीत तयार झाला व नंतर हिंदी आणि इतर भाषांत आला. आम्ही पाहिला तो हिंदी. केंद्र सरकार व महाराष्ट्र शासन यांच्या पैशातून, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या साहाय्याने तो निघाला. पटकथेच्या कामात सूनी तारापोरवाला, अरुण साधू आणि ‘बलुतं’कार दया पवार ही नावे आहेत. यांपैकी दया पवार १९९६ साली गेले. चित्रपट पुरा होऊन लोकांपुढे आलेला त्यांनी पाहिला नाही. बाबासाहेबांची भूमिका केरळचे नट मामुट्टी यांनी केली आणि त्यांना १९९८ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रमाबाई झाल्या आहेत सोनाली कुलकर्णी, गांधीजी मोहन गोखले. कलादिग्दर्शन नितीन देसाई यांचे. चित्रपट लोकांपुढे आला २०००  साली, पण सरकारी पैशाने निघालेल्या चित्रपटाचे जे होते तेच याचे झाले. टॉकीजमधून तो फारसा फिरला नाही. तमिळ आवृत्ती तर न्यायालयापर्यंत प्रकरण जाऊन २०१० मध्ये लोकांना दिसली. आपल्याकडे तो फिरला तो मंडळांच्या, वसतिगृहांच्या आणि समाजमंदिरांच्या चादरींवर.

पहिल्या रात्री मला जे जाणवले ते प्रामाणिकपणे सांगतो. मला थोडे अवघडल्यासारखे झाले. लहानपणापासून बाबासाहेब म्हणजे आमच्या घरातली तसबीर आणि चौकातला पुतळा : निळा कोट, हातात पुस्तक, वर उचललेले बोट. तसबीर कधी जेवत नाही, खोकत नाही, रागावून ओरडत नाही. पडद्यावरचा माणूस हे सगळे करत होता. बडोद्याच्या कचेरीत शिपाई त्याच्यापुढे लांबून फायली टाकतो तेव्हा तो काही बोलत नाही, नुसता बघतो. त्या बघण्यात मला आमचे आबा दिसले. मुकादमाने चारचौघांत शिवी दिली की आबा असेच बघतात. तसबिरीतल्या बाबासाहेबांकडे बघून मला कधी आबा आठवले नव्हते.

आणि ग्रंथालय! न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ साली बावीस वर्षांचा एक मुलगा सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर जातो आणि पुस्तकांच्या भिंतींमध्ये बसून राहतो. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पहिल्या वर्षी आमच्या ग्रंथालयात गेलो तेव्हा पुस्तक मागावे कसे हेच मला ठाऊक नव्हते. चिठ्ठीवर पुस्तकाचा क्रमांक लिहायचा असतो हे न कळल्यामुळे मी दोन दिवस नुसता वर्तमानपत्र चाळून परत आलो. म्हणून त्या प्रसंगात इतर मुलांना कदाचित काही वाटले नसेल, मी मात्र चादरीच्या सुरकुत्या विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहाने मी आमच्या मराठीच्या सरांना हे सगळे सांगितले. सरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “कॅमेरा कुठं उभा आहे, पाहिलंस का?” मला प्रश्न समजला नाही. सर म्हणाले, “चरित्र लिहिणारा आणि चरित्रपट काढणारा, दोघांनाही निवड करावी लागते. पासष्ट वर्षांचं आयुष्य तीन तासांत बसवायचं. तेव्हा काय दाखवलं हे बघतोसच. काय सुटलं आणि ते का सुटलं हेही बघ.”

सरांनी उदाहरण दिले ते ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ या १९८२ च्या चित्रपटाचे. तोही मी नंतर मोबाइलवर पाहिला. तीन तासांहून मोठा चित्रपट, आठ ऑस्कर पुरस्कार. त्यांतला वेशभूषेचा पुरस्कार कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना मिळाला, आणि कस्तुरबा झाल्या आहेत आपल्या रोहिणी हट्टंगडी. सगळे खरे. पण त्या एवढ्या मोठ्या पडद्यावर बाबासाहेब हे पात्रच नाही. १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी केलेले उपोषण, पुणे करार, यांतले काहीच नाही. जब्बार पटेलांच्या चित्रपटात मात्र तो प्रसंग मध्यावर येतो. एकीकडे खाटेवर क्षीण झालेले गांधीजी, दुसरीकडे सगळ्या देशाचा दाब अंगावर घेऊन उभा असलेला एकटा माणूस. स्वतंत्र मतदारसंघ आणि प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा हातात आलेल्या; त्या सोडून संयुक्त मतदारसंघातल्या १४८ राखीव जागा घ्याव्या लागल्या. आकडा दुप्पट झाला, मग बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर पराभव का, असे माझ्या शेजारच्या मुलाने विचारले होते. जागा कुणाच्या मतांवर निवडून यायच्या हा प्रश्न होता, हे त्याला सांगता सांगता मलाच नीट समजले. मोहन गोखल्यांचे गांधीजी मला आवडले. ते नोटेवरचे गांधीजी नाहीत, आपले म्हणणे पदरात पाडून घेणारे मुरब्बी गृहस्थ आहेत. दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिले तर एकाच काळाचे दोन इतिहास दिसतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य करून पाहावे.

चरित्रपटाचा हा प्रकार मराठीत जुनाच. आचार्य अत्र्यांनी १९५४ साली ‘महात्मा फुले’ काढला, त्याच्या मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब हजर होते. आपल्या गुरूंवरचा चित्रपट सुरू होताना ते तेथे उभे होते. पुढे कधी आपल्यावरही असाच कॅमेरा फिरेल असे त्यांच्या मनात आले असेल का, कोण जाणे.

असो. सरांच्या प्रश्नानंतर मी चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला तो वही घेऊन. महाडचा प्रसंग सर्वांना आवडतो, मलाही. २० मार्च १९२७. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून बाबासाहेब ओंजळभर पाणी घेतात आणि मागून हजारो हात पाण्यात जातात. पडद्यावर ही गोष्ट काही मिनिटांत होते. वास्तविक सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२३ सालीच सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडून मंजूर करून घेतला होता, आणि ओंजळ घेतल्यानंतर तळ्यावरून दावा चालला तो थेट मुंबई हायकोर्टापर्यंत. निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षे! त्या दहा वर्षांत किती तारखा पडल्या असतील, किती वेळा वकिलाच्या ओसरीवर माणसे बसून राहिली असतील. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालला. तोही पडद्यावर एका दगडफेकीत आटोपतो. यात दिग्दर्शकाचा दोष आहे असे मला म्हणावयाचे नाही. ओंजळीचे चित्र होते, तारखेचे होत नाही. धाडसाला चेहरा असतो. वाट बघण्याला काय दाखवणार?

येथपर्यंत माझी वही ठीक चालली होती. दिवाळीत घरी गेलो आणि ती बिघडली.

आमचे गाव कळंब तालुक्यात. दिवाळीत गावात तरणी माणसे फार थोडी असतात, कारण बऱ्याच टोळ्या तोवर कारखान्यांवर गेलेल्या असतात. घरी आज्जी होती. मोबाइल भिंतीला टेकवून मी चित्रपट लावला तशी ती जवळ सरकली. “काय बघलालास रं?” म्हणाली. बाबासाहेबांचा सिनेमा म्हटल्यावर तिने आधी हात जोडले, मग पदर सावरून बसली. हिंदी तिला निम्मीशिम्मी कळते. इंग्रजी टोपीवाले साहेब लंडनला टेबलाभोवती बसलेले असताना ती पेंगली. महाडला जागी झाली. येवल्याला ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ हे आले तेव्हा पुढे सरकली. मग घटना समिती आली, दिल्ली आली, आणि तिने मध्येच विचारले, “तडवळं कवा येनार?”

मी म्हणालो, “आज्जी, तडवळं यात नाही.”

“नाही कसं? मामंजी गेलते की तितं.”

तिचे मामंजी म्हणजे माझे पणजोबा. १९४१ साली फेब्रुवारीच्या २२ व २३ तारखेला कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब तिला आले, हे मला माहीत होते. जयंतीच्या भाषणात दरवर्षी एखादा वक्ता ते सांगतो. पण आमच्या घरातला माणूस तेथे होता हे मला त्या दिवशी कळले. आज्जीने सासऱ्याच्या तोंडून ऐकलेले मला सांगितले. आमचे गाव तेव्हा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. पणजोबा गावचे येसकर. गावाला न सांगता बाहेर पडायचे नाही. ते रात्री निघाले. बार्शी लाइटची छोटी रेल्वे तेव्हा तडवळ्यावरून लातूरला जायची, पण तिकिटाला पैसा नव्हता. रुळाची कड धरून चालत गेले. बाबासाहेब दिसले ते लांबून, माणसांच्या डोक्यांवरून. भाषणातले त्यांना काय कळले? आज्जी म्हणाली, “येवढंच म्हनायचे, की बाबा म्हनला वतन सोडा.” परत आल्यावर दोन दिवस कामाला गैरहजर राहिल्याबद्दल काय झाले, ते त्यांनी सुनेला कधी सांगितले नाही.

दिवाळीनंतर मी एकदा वाट वाकडी करून तडवळ्याला उतरलो. धाराशिवहून येडशीमार्गे एस. टी. जाते. आता तेथे ब्रॉडगेज आहे. छोटी गाडी जाऊन बरीच वर्षे झाली. ज्या शाळेत बाबासाहेबांचा मुक्काम झाला ती शाळा गावकरी अभिमानाने दाखवतात, बैलगाडीतून काढलेल्या मिरवणुकीचे वर्णन तर काल झाल्यासारखे करतात. एका म्हाताऱ्या बाबांनी मला बैलांच्या जोड्यांचा आकडा सांगितला, पलीकडच्या पारावरच्या दुसऱ्यांनी त्यापेक्षा मोठा सांगितला. दोघांचाही जन्म त्यानंतरचा. मी दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले आणि एकही येथे देत नाही.

आता ‘वतन’ या शब्दाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण चित्रपटात ही बाब ठसत नाही आणि आमच्या वर्गातल्या बहुतेकांना वतन म्हणजे काहीतरी मानाची जहागीर वाटते. मलाही वाटत असे. महाराचे वतन म्हणजे गावाची आणि सरकारची चोवीस तासांची चाकरी. साऱ्याची रक्कम तालुक्याला पोहोचवताना सोबत जायचे, आलेल्या अधिकाऱ्याचे सामान वाहायचे, घोड्याला वैरण टाकायची, शिवेचा तंटा झाला की हद्द दाखवायची, मयताची खबर परगावी न्यायची, मेलेले जनावर ओढायचे. बदल्यात हाडकी-हाडोळ्याची तुकडाभर जमीन, खळ्यावरचे बलुते आणि दारोदारची भाकरी. वेळ ठरलेली नाही, काम ठरलेले नाही, पगार ठरलेला नाही. एकाच्या नावावरचे काम सगळ्या घराच्या मानेवर बसे. बाप सापडला नाही तर मुलाने जायचे, मुलगा नसेल तर बाईने. जमीन सोडवत नाही म्हणून चाकरी सुटत नाही, आणि पिढ्या वाढतील तसे त्या तुकड्याचे आणखी तुकडे.

बाबासाहेबांनी हे दुखणे फार आधी ओळखले होते. महाडच्या पुढच्याच वर्षी, मार्च १९२८ मध्ये, त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ज्याला चाकरी सोडायची असेल त्याला जमीन रयतावा करून मिळावी, बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा, असा त्याचा आशय. समितीत त्याची मोडतोड झाली तेव्हा १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. पण विषय सोडला नाही. डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या हरेगावला वतनदारांची परिषद घेतली, त्यानंतर सव्वा वर्षाने तडवळ्याची. जुन्या मुंबई इलाख्यातली ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द झाली १९५८ मध्ये, म्हणजे विधेयकाला तीस वर्षे होऊन गेल्यावर. बाबासाहेब तेव्हा हयात नव्हते.

हे सगळे मी ग्रंथालयातून काढून वाचले. (चिठ्ठी भरायला आता मी शिकलो आहे.) परंतु खरे सांगायचे तर वतन म्हणजे काय हे मला पुस्तकातून समजले नाही. आमच्या घरात दुसरा शब्द आहे. त्यावरून समजले. तो शब्द म्हणजे ‘उचल’.

ऊसतोडीला जाताना नवराबायकोची जोडी जाते. त्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम एका कोयत्याला आगाऊ रक्कम देतो ती उचल. हंगामभर तोडून ती फेडायची. मी पाचवीत होतो तेव्हा आबांनी उचल घेतली, ती घरावर पत्रे घालण्यात आणि दवाखान्यात गेली, आणि दसऱ्याच्या तोंडावर आई अंथरुणाला खिळली. एकट्या माणसाचा कोयता मुकादम धरत नाही. उचल परत करा म्हणाला. परत कुठून करणार? तेव्हा आमची अक्का आठवीत होती. ती आबांबरोबर फडावर गेली. आबा तोडायचे, ती मोळ्या बांधायची आणि गाडीत चढवायची. एकाच्या नावावरचे काम घराच्या मानेवर बसते, ते असे. अक्का त्यानंतर शाळेत गेली नाही. पुढच्या हंगामात आई बरी झाली, पण तोवर नवी उचल आली होती. मी मात्र शिकत राहिलो. घरात एकाने शिकायचे हे ठरले होते. तो मी असणार हे मात्र कुणी ठरवल्याचे मला आठवत नाही. ते सगळ्यांनी धरूनच चालले होते.

म्हणून तिसऱ्यांदा, आज्जीबरोबर, रमाबाईंचे प्रसंग आले तेव्हा मला मान वर करून बघवेना. रमाबाई या चित्रपटात आहेत आणि सोनाली कुलकर्णी यांनी त्या जीव ओतून उभ्या केल्या आहेत, यात शंका नाही. तरीही त्या येतात त्या बहुधा दारात, चुलीपाशी, वाट बघताना. साहेब ग्रंथालयातून उठतात, आगबोटीत बसतात, परिषदेत बोलतात. कॅमेरा त्यांच्याबरोबर निघून जातो आणि रमाबाई मागे राहतात. पाच मुलांपैकी चार मुले त्यांनी मातीत घातली. नवरा विलायतेत असताना मुंबईत संसार कसा ओढला हे त्यांनाच ठाऊक. १९३५ च्या मे महिन्यात त्या गेल्या, तेव्हा येवल्याची घोषणा अजून व्हायची होती. १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावरचा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. म्हणजे तडवळ्याला आले तेव्हा ते पुस्तक बाहेर पडून जेमतेम दोन महिने झाले होते. हा योगायोग ध्यानात आल्यावर तडवळ्याच्या मांडवातले बाबासाहेब मला थोडे एकटे वाटू लागले. एकोणपन्नास वर्षांचा विधुर, घरी कुणी वाट बघणारे नाही, आणि पुढ्यात कोसाकोसांवरून चालत आलेली माणसे.

आज्जी रमाबाईंकडे बघून एवढेच म्हणाली, “त्येचं वाचनं हिनं पोसलं.” आणि मग माझ्याकडे बघितले. ती काही बोलली नाही, पण मला वाटले की अक्काचे नाव तिच्या ओठांवर होते.

माझ्या एका वर्गमित्राशी यावर पुष्कळ वाद झाला. तो म्हणाला, “तुझं म्हणणं चूक आहे. चित्रपट बाबासाहेबांवर आहे, तुझ्या पणजोबांवर नाही. असं प्रत्येक जिल्ह्यानं म्हटलं तर चित्रपट दोनशे तासांचा होईल.” त्याचे बरोबर आहे. तडवळे नाही म्हणून मी चित्रपटाला नावे ठेवत नाही. ज्या काळात शाळेच्या पुस्तकात बाबासाहेब म्हणजे एका ओळीत ‘घटनेचे शिल्पकार’ एवढेच होते, त्या काळात या चित्रपटाने विद्यार्थी, वकील, संपादक, नवरा, बाप आणि चिडलेला माणूस म्हणून त्यांना उभे केले. हे लहान काम नव्हे. मामुट्टी मल्याळी असूनही आमच्या गावातल्या म्हाताऱ्याने त्यांना हात जोडले, यात सर्व आले.

पण माझी तक्रार दुसरीच आहे. या चित्रपटात गर्दी आहे, माणसे नाहीत. महाडला, नाशिकला, शेवटाकडे नागपूरला दीक्षेच्या प्रसंगी हजारो लोक दिसतात आणि त्यांतला एकही आपल्याशी बोलत नाही. ते येतात कुठून, घरी काय सांगून निघतात, परत गेल्यावर त्यांचे काय होते? नेता बोलतो आणि समुद्र उसळतो, असे चित्र तयार होते. चरित्रपटाची रीतच तशी असेल. ‘गांधी’मध्येही तसेच आहे. पण त्यामुळे बघणाऱ्याला वाटते की इतिहास एकटा माणूस घडवतो आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. वास्तविक येसकराने दोन दिवस गाव सोडणे हासुद्धा सत्याग्रहच होता. त्याची कुठे नोंद नाही, एवढेच.

चौथ्या वेळी, म्हणजे गेल्या महिन्यात, मी चित्रपट पाहिला तो अशा रीतीने : बाबासाहेब बोलू लागले की त्यांच्याकडे बघायचे नाही, मागच्या माणसांकडे बघायचे. नवल म्हणजे त्यामुळे काही गोष्टी दिसल्या. एक म्हातारा भाषण चालू असताना दुसरीकडेच बघत होता. एक बाई लेकराला पदराखाली घेऊन बसली होती. ही माणसे पैसे देऊन आणलेली असतील, काहींना आपण कशासाठी बसलो आहोत हेही सांगितले नसेल. तरीही त्यांच्यात मी पणजोबा शोधत राहिलो. डोक्यांवरून मान उंचावून बघणारा एक उंच माणूस सापडला. आमच्या घरात पणजोबांचा फोटो नाही. आज्जी म्हणते ते उंच होते.

या वेळी माझ्याबरोबर अक्का होती. हंगाम संपवून टोळी परतली होती. ती आता बावीस वर्षांची आहे. तिला चित्रपट लांब वाटला, मधली इंग्रज साहेबांची बोलणी कंटाळवाणी वाटली. ग्रंथालयाच्या प्रसंगी मात्र तिने मोबाइल हातात घेतला आणि जवळ धरून बघितले. मग विचारले, “एवढी पुस्तकं घरी न्यायला देत्यात का तितंच वाचायची?” मी म्हणालो, आमच्या कॉलेजात दोन देतात. ती म्हणाली, “दोन तर दोन.”

दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. आमच्या विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ पासून बाबासाहेबांचे नाव आहे आणि ते नाव मिळण्यासाठी मराठवाड्यात काय काय झाले हे आपण सर्व जाणतो. पुढच्या वर्षी माझ्या पदवीवर ते नाव येईल. परवा मी अक्काच्या जुन्या शाळेत जाऊन तिचा दाखला काढून आणला. शाळा सोडल्याच्या तारखेपुढे दिवाळीच्या आधीचा महिना आहे. पुढच्या रकान्यात, शाळा सोडण्याचे कारण म्हणून, निळ्या शाईने लिहिले आहे : सतत गैरहजर.

अक्काने ते दोनदा वाचले, दाखल्याची घडी केली आणि फॉर्मबरोबर लावायला फोटो कुठे काढून मिळतात ते मला विचारले.